विटकरी-राखाडी पिशवी आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, घरी भिंगरी आणि कामावर "ए वरच्या" या नावाने ओळखला जाणारा, धंदा इमारतींभोवती लोखंडी नळ्यांची परांची बांधण्याचा, आईवडिलांचा धाकटा मुलगा आणि ताईचा एकुलता एक भाऊ, आज पूर्ण शुद्धीत, कुणी मागे काठी घेऊन उभं नसताना, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दारू प्यायलेलो नाही. डॉक्टरांनी तेलकटसुद्धा बंद केलंय, दारू कुठली.

लिहिण्याचं कारण असं की उद्या सकाळी माझ्या पित्ताशयातला खडा काढणार आहेत. ऑपरेशन किरकोळ आहे असं सगळे सांगतात. पण काल ज्या कागदावर माझी सही घेतली त्यात "जिवाचं बरंवाईट झाल्यास" असं छापलेलं होतं. मी नर्सबाईंना विचारलं, "किरकोळ आहे तर हे कशाला?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांचीच सही घेतो." मग सगळ्यांचंच बरंवाईट होतं का, हे विचारायच्या आत त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. तेव्हा म्हटलं, आपण आपलं लिहून ठेवावं.

माझं शिक्षण बेताचं आहे. यातले वकिली शब्द आमच्या क्रेनवाल्या काकांनी सांगितले. त्यांनी सख्ख्या भावाशी बरीच वर्षं कोर्टकज्जा केला, त्यामुळे त्यांना ते तोंडपाठ आहेत. शुद्धलेखन मात्र माझं आहे, त्यांना बोल लावू नये.

कलम एक. स्थावर. घर नाही, जमीन नाही. ज्या पलंगावर बसून लिहितोय तोही कंपनीचा. वरचा पलंग आहे, खिडकीशेजारचा. तो माझ्या कामावरच्या जोडीदाराला, लांब्याला मिळावा असं मनात होतं, पण त्याचे पाय खालच्या पलंगावरूनच दारापर्यंत येतात. वर गेला तर लोकांच्या तोंडावर येतील. सबब पलंगाबाबत काही म्हणणं नाही.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते सर्व आईचं. अट एकच, त्यातून तिने स्वतःसाठी काहीतरी घ्यावं आणि घेतल्यावर "कशाला एवढं" असं म्हणू नये.

कलम तीन. मोटरसायकल ताईला. ताईला म्हणजे ताईलाच, भावजींना नाही. भावजी एकदा "दोन मिनिटांत येतो" म्हणून गाडी घेऊन गेले आणि डावा आरसा फोडून संध्याकाळी आले. वर म्हणाले, "आधीपासूनच सैल होता तो." तो फुटका आरसा मी जपून ठेवलाय, माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. तो भावजींना द्यावा. त्यात त्यांनी स्वतःकडे बघावं.

कलम चार. कामाची हत्यारं. मोठा पाना लांब्याला, कारण तसाही तो रोज त्याच्याकडेच असतो. सेफ्टी बेल्ट मात्र कुणालाही देऊ नये. दुसऱ्याच्या अंगावर झिजलेल्या पट्ट्याचा भरवसा नसतो. कापून टाकावा. हे मी गमतीत लिहीत नाही.

कलम पाच. हे मुख्य कलम आहे, याला जागा जास्त लागेल.

माझ्या पलंगाच्या कठड्याला अडकवलेली, सुती दोऱ्याची, क्रोशाने विणलेली, विटकरी आणि राखाडी त्रिकोणांची पिशवी माझ्या वडिलांना द्यावी. पिशवी पूर्ण आहे, फक्त खांद्याचे पट्टे राहिलेत.

बाबा फरशी बसवतात. त्यांचा जन्म जमिनीवर गुडघे टेकण्यात गेला आणि माझा हवेत लटकण्यात चाललाय. सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांनीच मला काढलं. म्हणाले, "फरशी बसवायला आधी आपल्याला बसावं लागतं. तुझ्याच्यानं ते व्हायचं नाही." हा माझा एक जुना हिशोब. दुसरा असा की बाबा कुणाच्याच कामाला चांगलं म्हणत नाहीत, स्वतःच्यासुद्धा. अगदीच खूश झाले तर "चालेल" म्हणतात. ताई शाळेत पहिली आली तेव्हा म्हणाले, "चालेल." मला आजवर तेवढंही मिळालेलं नाही. या कागदावर मी सगळ्यांना काही ना काही देतोय. मला स्वतःला फक्त बाबांचं ते एक "चालेल" पाहिजे, आणि ते या पिशवीवर पाहिजे.

विणायला शिकलो ते पाय मुरगळला तेव्हा. वर चढायची बंदी होती आणि नुसतं बसून माझं डोकं फिरायला आलं होतं. क्रेनवाले काका केबिनमध्ये क्रोशा करतात. खाली माल बांधून होईपर्यंत नुसतं बसलं की त्यांना झोप येते, म्हणून. त्यांच्या सीटची खोळ, उशी, थर्मासचा अंगरखा, सगळं विणलेलं. त्यांनी माझ्या हातात सुई दिली आणि म्हणाले, "घे. निदान आमचं डोकं तरी खाणार नाहीस." (सुई त्यांचीच आहे. ती त्यांना परत करावी. ही देणगी समजू नये.)

पहिल्या दिवसापासून लांब्या मला "वहिनी" म्हणून हाक मारायला लागला. "वहिनी, माझ्या टिफिनला एक झबलं विणा की!" मी लक्ष दिलं नाही. साखळी जमली, मग मुका खांब नावाचा टाका जमला. नाव ऐकूनच मला बाबा डोळ्यांपुढे आले, तेव्हाच ठरलं की पिशवी त्यांच्यासाठीच करायची, त्यांची हत्यारं ठेवायला. नक्षी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीची घेतली, उरलेल्या तुकड्यांचे त्रिकोण कापून बाबांनी बसवली ती. राखाडी रंग यासाठी की सिमेंट लागलं तरी दिसणार नाही.

दोन रंगांचं विणणं असं असतं की एक दोरा वर दिसतो आणि दुसरा त्याच टाक्याच्या आतून लपून सोबत चालतो. रंग बदलायचा तर आधीचा टाका पुरा होता होताच नवा दोरा ओढून घ्यायचा. उशीर झाला की त्रिकोणाच्या टोकाला भलत्या रंगाचा ठिपका उमटतो. एवढं सांभाळून मी अर्धी पिशवी केली आणि आईला फोटो पाठवला. आई फोनवर म्हणाली, "किती सुरेख रे!" तिच्या मागून बाबांचा आवाज आला, "लाईन सुटलीय."

बस, एवढंच. माणूस बोलतो तरी केव्हा!

आणि खरंच सुटली होती. गोल विणत गेलं की टाके थोडे थोडे उजवीकडे सरकतात आणि त्रिकोण वाऱ्याने ढकलल्यासारखे कलतात. काका म्हणाले, "एवढं तिरकं चालतंच रे. दोरा आहे, फरशी आहे का?" मी म्हटलं, "हे माझ्या बापाला सांगून बघा." रागाच्या भरात सगळी उसवली. पुन्हा विणली, पुन्हा कलली, पुन्हा उसवली. शेवटी सापडलं. सुई टाक्याच्या माथ्यातून न घालता बरोबर मधोमध, त्याच्या पोटात घातली की नवा टाका जुन्याच्या अगदी डोक्यावर बसतो. सुई अडते, बोटं दुखतात, पण ओळ हलत नाही. झाल्यावर मी आणि लांब्याने पिशवी परांचीच्या नळीला टांगून तिला ओळंबा लावला. लांब्या बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, सरळ आहे." त्यानंतर त्याने वहिनी म्हणणं सोडलं.

तरी बाबांना सूचना. पिशवी भिंतीवर टांगून ठेवू नये, वापरावी. गार पाण्यात धुवावी. कामावर कुणी विचारलं तर "मुलाने केली" असं सांगावं. "मुलीने केली" असं सांगून सुटका करून घेऊ नये. पट्टे क्रेनवाल्या काकांनी विणावेत. ताईने विणू नयेत, तिचा हात सैल आहे, फरशीच्या हातोडीने एका दिवसात जमिनीला टेकतील.

कलम सहा. वरचं लिहून होतं आहे तोच आईचा फोन आला. तिच्याशी खोटं बोलता येत नाही, म्हणून काय चाललंय ते सांगितलं. ती ओरडली, "अहो, ऐकलंत का! खडा काढायला चाललाय आणि मृत्युपत्र लिहीत बसलाय!" मग फोन बाबांनी घेतला. बाबा आपणहून फोन घेत नाहीत.

"काय काय लिहिलंस?"

"पिशवी तुमच्या नावावर केलीय."

"मला नको."

खड्याच्या शेजारी आणखी एक खडा बसल्यासारखं झालं. म्हटलं, "बाबा, लाईन सरळ केलीय. ओळंबा लावून बघितली."

"तुझ्या आईने दाखवला नवीन फोटो. फोटोत काय कळतंय? हातात घेऊन उजेडात धरून बघायला लागतं. आणि चुकलेलं असलं तर सांगायला तू समोर नकोस का? मेलेल्या माणसाला काय सांगू, कप्पाळ?"

मग म्हणाले, "पट्टे लावलेस?"

"राहिलेत."

"लावू नकोस. माझ्या खांद्याचं माप न घेता मोघम लावशील आणि मग मला म्हणशील, जमवून घ्या. आधी बरा हो. मग ये आणि माप घे."

"फोनवर सांगा ना, किती ते."

"सांगणार नाही," म्हणाले आणि ठेवला.

सबब, लाभार्थ्याने सदर पिशवी वारसाने घेण्यास साफ नकार दिला असल्यामुळे आणि ती माझ्या हातूनच हवी असा हट्ट धरला असल्यामुळे कलम पाच मी आपल्या मर्जीने रद्द करत आहे. पिशवी मालमत्तेत धरू नये. काहीही झालं तरी ती कुणी माझ्या वतीने पोचवू नये. ती पोचवायला मी लागतो. बाकी कलमं जशीच्या तशी लागू आहेत, भावजींनी उगाच खूश होऊ नये.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: क्रेनवाले काका. (वाचून सही केली. "कापून टाकावा" याखाली त्यांनी रेघ मारली आहे.)

साक्षीदार दुसरा: तळमजल्यावरचा न्हावी. (लांब्या सही करणार होता. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नसतं असं काकांनी सांगितल्यावर त्याने थोडा विचार केला आणि पाना ठेवून घेतला.)

ठिकाण: कामगारांच्या इमारतीतली आमची खोली, वरचा पलंग.

दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारचा चहा झाल्यावर. गावी जायचं तिकीट लांब्या आत्ता काढतोय. डॉक्टर म्हणाले पंधरा दिवस प्रवास नको, म्हणून सोळाव्या दिवसाचं.