तिसऱ्या महिन्याच्या आत

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू बातमी दिलीस आणि मी आनंदाने वेडीच झाले. त्या भरात नेहमीचंच बोलून बसले, की तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. तूही लगेच हो म्हणालीस. जन्मात पहिल्यांदा आईचं ऐकलंस, तेही नको तेव्हा! फोन ठेवला आणि मग माझी ट्यूब पेटली. अगं, तू कॅन्सरच्या वॉर्डात केमोची औषधं भरतेस. उडालेलं औषध हवेसकट ओढून घेणारी ती काचेची पेटी तीन आठवडे बंद आहे, सिंकजवळच्या टेबलावरच उरकतो, हे मागे तूच हसत हसत सांगितलं होतंस. ही औषधं श्वासातून, कातडीतून आत जातात, पोटातल्या बाळाला ती घातक.

तशाच टेबलाशी मी अकरा वर्षं उभी होते. तेव्हा पेटी नव्हतीच. पावडरच्या बाटलीत सलाईन सोडायचं, सिरिंजमध्ये ओढायचं, टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा आणि दांडा दाबून सुईतून थेंब उडवायचा, सरळ हवेत. वर पंखा गरगरतोय! हातमोजे ऑपरेशनवाल्यांसाठी राखून ठेवायचे आणि आम्ही उघड्या हातांनी झपाझप चाळीस सिरिंजा भरायच्या, वर त्याचा तोरा मिरवायचा. औषध पेशंटचं, आपल्याला काय होतंय, असं म्हणायचो. दुपारपर्यंत तोंडाला लोखंडासारखी चव यायची, तिचं खापर आम्ही कँटीनच्या चहावर फोडायचो.

ठमे, तुझ्या आधी एक होतं. हे तुला कधी बोलले नाही. तेव्हाही तुझ्या बाबांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, तिसरा महिना संपायचा होता ना. आमच्या इन्चार्जबाई भल्या होत्या, त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी मला दुसरीकडे पाठवलं असतं. दहाव्या आठवड्यात ड्यूटीवरच सगळं गेलं. कुणाला ठाऊकच नव्हतं, मग रडायला जाऊ कुणाकडे? तुझ्या बाबांनी मी उचललेल्या बादलीला दोष दिला. औषधानेच झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत, पण त्याने नाही झालं असंही मला कुणी पटवू शकलेलं नाही. तुझ्या वेळी माझी बदली डोळ्यांच्या वॉर्डात झाली होती, तीही निव्वळ योगायोगाने.

हे फोनवर बोलले असते तर तू ‘बरं बरं’ करून वेळ मारून नेली असतीस. काम टाळते म्हणतील, ही तुला धास्ती. म्हणून सकाळची पहिली बस धरली आणि बसमध्येच हे लिहिलं, अक्षर कोंबडीचे पाय झालंय, सांभाळून घे. वॉर्डातल्या मावशींच्या हाती चिठ्ठी आत पाठवतेय. मी तुमच्या इन्चार्जबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले आहे. त्यांना सांगायचं ते तुझं तुलाच, मी तोंड उघडणार नाही. पण तू येईपर्यंत इथून हलणारही नाही. आजची पहिली बाटली हातात घेण्याआधी बाहेर ये.

तुझीच, बाकावर बसलेली,
आई