पत्रावळीत खोचलेला रिटेनर

लोणावळा,
मंगळवार, दुपार

बालमित्र भिमाजी यास अमृतचा, दातांवर जीभ फिरवत, नमस्कार.

कान्हे गावातल्या आपल्या शाळेमागून मालगाडी जायची, तो धडधडाट आज सकाळपासून कानात आहे. आपला वर्ग एका सुरात कविता म्हणत असायचा, आणि डबे संपेपर्यंत गुरुजींना काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. ज्यांना कविता येत नसे ते (म्हणजे तू) नुसते ओठ हलवायचे, आणि ज्यांना येत असे ते (म्हणजे मी) गाडीच्या वर आवाज चढवायचे. गाडी गेली की मी एकटाच बेंबीच्या देठापासून ओरडताना सापडायचो. छडी मलाच.

गुडघा कसा आहे? तुझ्या नवलाख उंबरे गावात कंपन्यांच्या गाड्यांची धूळ फार, खोकला सांभाळ. फोनच केला असता, पण तुझ्या सूनबाई तो स्पीकरवर ठेवतात. इकडे लीलाबाई ठीक आहेत. (घरात बिनसलं की मी बायकोला अहोजाहो करतो, हे तुला ठाऊक आहे.)

बिनसण्याचं मूळ तुझी नात रूपाली. दातांची डॉक्टर झाली तेवढ्यावर थांबली असती, तर मी सुखात असतो. पण तारा लावून दात सरळ केले की त्यांची मुळं टोकाशी किती झिजतात, आणि पुढे रिटेनर नावाचं कवच घालून ते जागेवर कितपत टिकतात, यावर तिला प्रबंध लिहायचा. तरुण पोरं हवी तेवढी मिळाली, म्हातारे मिळेनात, म्हणून तिने तुला आणि मला धरलं. या वयात तारा कशाला, असं लोकांनी विचारलं तेव्हा मी विज्ञानासाठी म्हणून छाती काढली. (खरं कारण असं की पुढच्या फटीतून माझा प्रत्येक 'स' शिट्टी मारत बाहेर पडायचा, आणि कवितेत नेमके तेच फार.)

तारा निघाल्यावर तिने पडद्यावर माझ्या दातांचा एक्स-रे फोटो दाखवला. म्हणाली, मुळं जराशी आखूड झालीत, जपा. मुळं म्हटल्यावर मी सुटलोच. धरणाच्या पाण्यात गेलेलं आजोळ, गाव सोडलेली माणसं, पारावरचा उंबर... माझे डोळे भरून आले. "छान आहे, आबा," रूपाली म्हणाली, "पण आ करा. खालचे बघायचेत."

मग तिने तो पारदर्शक रिटेनर दिला. जेवण सोडून सदा तोंडात ठेवायचा, नाहीतर दात हळूहळू आपल्या जुन्या जागी परत जातात. (दातांचा हा स्वभाव मला अगदी आपला वाटला. तिला बोललो नाही.)

रविवारी बेडसे गावात भागुबाईच्या नातवाचं बारसं होतं. ही आमची दूधवाली. पंगतीत वाढून झालं आणि रीतीप्रमाणे सगळे माझ्याकडे बघू लागले. इतर कुणी श्लोक म्हणतं, मी शाळेतली कविता म्हणतो. रिटेनर घालून म्हटली तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी येते. म्हणून तो काढला आणि पत्रावळीच्या कडेच्या घडीत खोचला. (खिशात डबी होती, लीलाबाईंनीच दिलेली. अजून कोरी करकरीत आहे.) काय रंगली कविता! शेवटी भागुबाई ओरडली, "आबा, आवरा की! भात निवला, पोरगं लग्नाला आलं!" मग जेवलो, ढेकर दिली आणि पत्रावळ नीट दुमडून ढिगावर टाकली.

आठवण झाली ती परतीच्या वाटेवर, कामशेतात. मला नव्हे, लीलाबाईंना.

परत आलो तर ढिगाशी म्हशी आणि कुत्री आधीच कामाला लागलेली. इस्त्रीच्या धोतरात मी गुडघ्यांवर बसलो.

"काय हुडकताय, आबा? लाडू ऱ्हायला व्हय?" भागुबाईने विचारलं.

"दातांचं कवच."

"दिसायला कसं हाय?"

"दिसत नाही. आरपार आहे."

"मंग घावंल कसं?"

पण माणसं प्रेमळ. ज्याला जे चकाकताना दिसलं ते तो आणून माझ्या तोंडाला लावून बघू लागला. पापडाचा तुकडा जवळजवळ बसला होता.

विनोद बाजूला ठेवतो. शनिवारी रूपाली आपल्याला तपासायला येते. म्हाताऱ्यांच्या गटातले बाकीचे गळाले, उरलो आपण दोघे. पोरीने तीन वर्षं यात घातलीत. "तुम्ही दोघं टिकलात तरच माझं ते प्रकरण टिकतं, आबा," असं ती काल फोनवर म्हणाली. रोज घालता ना, असंही विचारलं. मी व्हय म्हणून गेलो. वरचा एक दात आजच सरकल्यासारखा वाटतो.

पण मी तिला सगळं खरं सांगणार आहे. लाज कसली? इथेच थांबतो, जबडा दुखतो.

तुझा,
अमृत

ता.क. खरं सांगणार, हे लीलाबाई मागे उभ्या होत्या म्हणून लिहिलं.

ता.क. दुसरा. शनिवारपुरता तुझा रिटेनर दे. ती आधी तुझ्याकडे येईल. तुझी तपासणी उरकली की तो धुऊन कुणाबरोबर तरी पुढे धाड. तू शिस्तीचा माणूस, तुझे दात एका दिवसात कुठे पळत नाहीत. आपण एका ताटात जेवलो आहोत. बसला नाही तर तोंड मिटून हसेन.

ता.क. तिसरा. दार वाजलं. खिडकीतून बघतो तर तू! असल्या गुडघ्याने इतक्या लांब? आणि तोंडावर रुमाल का? लीलाबाईंना विचारतो आहेस, "वैनी, अमृतची ती दाताची टोपी शनवारपातूर मिळंल का? माजी चूळ भरताना मोरीत गेली."

लीलाबाईंनी तुला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आता त्या रूपालीला फोन लावताहेत.