नकली

हार्लिंगन, १२ फेब्रुवारी

प्रिय डाउवे,

काल तुझा वाढदिवस झाला. सगळ्यांसारख्याच आमच्याही संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तुझं नाव अजून आहे, त्यामुळे सकाळी सकाळी तुझी आठवण चुकवता येत नाही. वीत्सेने रीतीप्रमाणे माझं, म्हणजे बायकोचं, अभिनंदन केलं, भावाचा वाढदिवस म्हणून. मी म्हटलं, आधी भावाला विचार, बहीण आहे का ते! तर असो, अभिनंदन. तुझा गुडघा, तुझ्या मेंढ्या आणि तुझी लेक हिस्के, सगळे बरे असतील असं धरून चालते. इथे धक्क्यापर्यंत बर्फ आहे. वाटाण्याचं सूप खाऊन खाऊन नवरा वैतागलाय.

हे पत्र फाडू नकोस. मला तुझं रक्त हवंय, दोन नळ्या. एवढंच काम आहे.

माझ्या लेकीला, नीन्केला छातीत गाठ निघाली. वय सव्वीस. आपली आईही तरुणपणी तशाच गाठीने गेली, म्हणून दवाखान्याने आमची जनुकं तपासली. गाठी होऊ न देणारा जो जनुक असतो तो ठणठणीत निघाला. दोष नाही, असं लिहून आलं आणि आम्ही मूर्खांनी नारिंगी केक आणून खाल्ला.

डॉक्टर फेनेमाबाईंना मात्र चैन पडेना. त्या जनुकासारखाच दिसणारा दुसरा एक असतो म्हणे. त्याच्यातून काही बनत नाही. तपासणीत घोळ होऊ नये म्हणून त्याचं वाचन सरळ टाकून देतात, तसं आमचंही टाकलं होतं. बाईंनी ते पुन्हा काढून पाहिलं. खऱ्या जनुकाला गप्प करायला पेशीत बारीक रेणू फिरत असतात. ते फसतात आणि या दुसऱ्याच्या नकलेला जाऊन चिकटतात. तेवढा खरा सुटतो आणि आपलं काम करतो.

"नकलीच आहे तो, पण मार स्वतःवर घेतो," बाई म्हणाल्या.

नकली, डाउवे! आपल्या घरात तो शब्द एकाच माणसाचा होता. आईचा मुलगा, पण बाबांचा नाही, म्हणून बाबा तुला नकली म्हणून हाक मारायचे. त्यांचा हात पट्ट्याकडे गेला की तुझ्या हातून हमखास बशी फुटायची. मला वाटायचं, काय वेंधळा आहे हा! इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. दवाखान्यातल्या त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं की माझ्या अंगावर कधी एक वळ का उठला नाही.

नीन्केमध्ये आणि माझ्यात त्या नकली जनुकाचा मोठा तुकडाच नाहीये. गाठ त्यानेच झाली का, हे बाई छातीठोकपणे सांगत नाहीत. घरातली आणखी माणसं तपासली तर काही अंदाज बांधता येईल म्हणतात. आईच्या रक्ताचा आता तूच उरलास. सख्खा भाऊ की सावत्र, असं त्यांनी विचारलं, आणि मी जन्मभर ऐकलं तेच उत्तर दिलं, सावत्र. दवाखाना तुला परस्पर लिहीत नाही. घरच्यांना घरच्यांनीच कळवायचं, हा इथला नियम तुलाही माहीत आहे.

बाबांना पुरून तू बेटाकडच्या बोटीत बसलास तो बसलासच. मला कुटुंब नाही, म्हणालास. अरे, कुटुंब नव्हतं तर बशा कुणासाठी फोडत होतास? राग येतो मला तुझा. फार येतो.

नीन्केचा दुसरा स्तन काढायचा की ठेवायचा ते तुझ्या रक्तावर ठरायचंय, असं मी पुढे लिहिणार होते. तिनेच तसं सांगितलं होतं. "मामाला माझ्यासाठी म्हणून लिही. दुसऱ्यासाठी तो उठेल, स्वतःच्या घरासाठी उठायचा नाही." पण मला ते खोटं लिहवत नाही. परवा तपासणी झाली. यकृतात आहे, हाडांत आहे. बाईंनी हात टेकले. तुझ्या रक्ताने माझ्या पोरीचं आता काहीच व्हायचं नाही. मला रडूसुद्धा येत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासत बसते.

रक्त तुझ्या हिस्केसाठी हवंय. तो तुकडा तुझ्यातही नसला, तर तिलाही तपासतील आणि तिच्यावर आतापासून लक्ष ठेवतील. लवकर सापडलं तर गाठ काढता येते. आमचं उशिरा सापडलं. नीन्केने हिस्केला कधी पाहिलंही नाही, तरी रोज विचारते, मामाला लिहिलंस का?

रक्त हिस्केसाठी दे. ये मात्र माझ्यासाठी, पहिल्या बोटीने ये. माझ्या पुढे उभं राहायला आता कुणी नाही, आणि हे माझ्या एकटीच्याने सोसवत नाही रे.

तुझी सख्खी बहीण,
बौक्ये