गटाराला नऊ पोती

११ जून
वरच्या अंगाला नव्या बिल्डिंगी झाल्या. जोराचा पाऊस झाला की त्यांचं गटार भरून वाहतं नि उतारानं आपल्या विहिरीकडं येतं. यंदा येणार नाय. मी फिल्टर बांधणार. मोबाइलवर बघितलाय. दगड, रेती, कोळसा. तिन्ही घरात हाय. डोकं पण हाय.

विहीर ह्यांनी खणलेली. हे जाऊन दोन वर्षं झाली. पंचायतीचा नळ मी घेतला नाय, धाकट्या जावेनं घेतला, हौसानं. तिला बोलली, "नळाचं पाणी पिऊन नळासारखीच झालीस गो, थेंब थेंब बोलतेस." नाय हसली.

१४ जून
मंगळूला बोलावला. ओढ्याला पोत्यांचा वनराई बंधारा दर साली तोच घालतो. पोत्यात रेती नि कोळसा भरून तोंडं शिवली, विहिरीच्या वरच्या अंगाला एकावर एक चोपून रचली. नऊ पोती. बोलतो, "काकी, असा बंधारा पाणी अडवतो. गाळत नाय." मी बोलली, "तुझी बायको तुला दहा वर्षं गाळते रे, तू कुठं साफ झालास?" त्यानं वरचं पोतं अजून चोपलं.

२० जून, सकाळी
रातभर पाऊस. पोत्यांच्या अलीकडं थेंब नाय. फिल्टर एक नंबर.

संध्याकाळी
पलीकडं तळं झालंय. काळं. हौसाची भाताची रोपं त्यात गेली. ती बांधावर उभी. बोलली तिला, "खत फुकट मिळालं." ती वळून घरी गेली. मग मी पण घरी आली.

२२ जून
दुपारी पोती सरकली. सगळं एकदम आलं. विहिरीचा कठडा बुडाला. पण कोळशातून आलं म्हणजे थोडं तरी गाळूनच आलं असणार.
रडू नाय आलं. भूक पण नाय. भाकरी केली, तशीच हाय.

२४ जून
पाणी उतरलं. दवाखान्याच्या आशाताईनं, दिपिकानं, विहिरीत पावडर टाकायच्या आधी टेस्टच्या बाटलीत पाणी भरून दिलं. काळं झालं तर खराब. बाटली ह्यांच्या फोटोपुढं ठेवली. विहीर त्यांची, त्यांनीच बघावं.

२५ जून
काळी. फोटोची सावली पडली असेल. खिडकीत ठेवली.

२६ जून
खिडकीत पण काळी.
दिपिकानं कठड्यावर लाल फुली मारली. ह्यांचं नाव कोरलंय त्याच्या खाली. बोलली, "काकी, प्यायचं नाय आता." मी बोलली, "बरं."

२७ जून
हंडा घेऊन हौसाकडं गेली. ती काय बोलेल ते वाटेत ठरवून टाकलं होतं. रोपांवरून बोलेल, फिल्टरवरून बोलेल, नळावरून बोलेल. तिन्हीला उत्तरं तयार.
तिनं आपली कळशी काढून बाजूला केली, माझा हंडा लावला. भरला तसा उचलून डोक्यावर दिला.
तिन्ही उत्तरं तशीच घरी घेऊन आली.