गहू वाटला, दात आला नाही

अजलूनचा डोंगर,
गुरुवार, १२ रजब (१५ डिसेंबर १९९४)

माझ्या आईच्या लेकी, फिद्दा,

सलाम. तू, मेहुणा अबू सालेम आणि मुलं अल्लाहच्या कृपेनं सुखरूप असाल. आम्ही बरे आहोत. ऑलिव्हची तोडणी संपली, तेल यंदा जरा कडसर उतरलं. थंडी लवकर आली आहे.

मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझा सालेम म्हणाला, "मामा, आई घरात नाही." मागे तुझा खोकला ऐकू येत होता. त्याला बोलू नकोस, पोर काय करणार? हे पत्र तुमच्या करकला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे देतो आहे. खोकल्यावर सेजच्या पानांचा काढा घेत जा.

माझ्या नाएलला मुलगी झाली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मैस तिचं नाव. तेरा महिन्यांची झाली आणि अजून तोंडात एकही दात नाही.

नवव्या महिन्यात माझी बायको ओरडत अंगणात आली, "दात! दात आला!" मीही पाहिलं, खालच्या हिरडीवर पांढरा ठिपका होता. त्याच दिवशी पहिल्या दाताचा गहू शिजला. वर साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे, आणि ताटं साऱ्या गल्लीत फिरली. चौथ्या दिवशी ठिपका गेला. दात नव्हताच तो, हिरडीवरचा दाणा होता.

आता शेजारची उम्म जुहैर रोज कुंपणावरून माझ्या बायकोला विचारते, "उम्म नाएल, गहू तर आम्ही खाल्ला, दात कुठं आहे? आमच्या पोटात गेला की काय?" बायका हसतात. माझी सून सुहैर हसत नाही. बाहेर निघाली की पोरीचं तोंड ओढणीनं झाकून घेते. हल्ली बाहेर निघतही नाही.

नुसत्या दातापुरतंच असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पोर फार शांत आहे गं. फार झोपते. उभी केली तर पाय टेकत नाही.

आम्ही इर्बिदच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं विचारलं. दिवस पूर्ण भरले होते का? जन्मताना वजन किती होतं? आई काय खाते? मग म्हणाल्या, "चाचा, कुणाला चौथ्या महिन्यात दात येतो, कुणाला वर्ष उलटून जातं. बहुतेक वेळा ते घराण्यातूनच येतं. पण कधी गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद असते, तेव्हा सगळीच वाढ मागे राहते. मग उशीर करून चालत नाही. घरात कुणाला उशिरा दात आले होते का?"

नाएलला सहाव्या महिन्यात आले होते. सुहैरच्या माहेरी सगळ्यांना लवकर. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला?"

मला काय माहीत? आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. मला कडेवर घेऊन फिरलीस ती तू. माझ्या तोंडात कोणत्या महिन्यात काय होतं, हे जगात तुला एकटीलाच माहीत आहे.

एवढं विचारायचं होतं. विचारलं.

नाही फिद्दा, एवढंच नव्हतं. टॅक्सीवाला दारात चहा पितो आहे, तोवर लिहून टाकतो.

तुझी रुवैदा पाळण्यात असल्यापासून नाएलची म्हणून ठरलेली होती. माझ्या बायकोचं मन सुहैरच्या घरावर बसलं, आणि माझंही. खोटं कशाला बोलू? मोठं घर होतं, म्हणून ठरलेलं मोडलं. पाहुण्यांच्या खोलीत काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मिफ्लेह, मुलीत काय उणं आहे?" मला कारण हवं होतं. तू एकदा हसत हसत मला सांगितलं होतंस की रुवैदाला दीड वर्षापर्यंत दात नव्हता. तेच मी उचललं. म्हणालो, "तिच्या हाडातच खोट आहे. मला नातवंडांचा विचार करायला हवा." अबू सालेमनं कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला. त्यानंतर चार वर्षं रुवैदाला कुणी मागणी घातली नाही. हे मला माहीत होतं. दर शुक्रवारी मी मशिदीत पहिल्या रांगेत बसायचो आणि हे मला माहीत होतं.

आता मैसचं रक्त अम्मानला गेलं आहे. दहा दिवसांनी कळेल. तोवर मी काहीही करू शकत नाही. पोरीच्या हिरडीवरून बोट फिरवतो, ती माझ्याकडे बघत राहते.

तू लिहिलंस की मला वेळेवर दात आले, तर त्या दिवशी मी जिला खोट म्हणालो तिच्यातून माझं रक्त सुटेल आणि पोरीचं दुखणं खरं ठरेल. तू लिहिलंस की मलाही दीड वर्ष लागलं, तर खोट म्हणून जे मी तुझ्या लेकीवर टाकलं ते माझ्याच तोंडात होतं, आणि पोर कदाचित निरोगी आहे. रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर मी हेच दुसरं मागतो. देवाकडे असं मागायला मला लाज वाटत नाही.

मला माफ करू नकोस, पण महिना तेवढा कळव. कागदावर नुसता आकडा लिहिलास तरी चालेल.

रुवैदाचा मामा,
मिफ्लेह