कंपाउंडरची सुई आणि दादाचा कागद

६ नोव्हें. १९८९, सोमवार. सकाळी ६-४०
चुलीवर पाणी तापत ठेवून लिहीत आहे. दादाला जाऊन आज तीन महिने. नागपूरहून आलेला त्याच्या रक्ताचा कागद इंग्रजीत होता, म्हणून बाबांनी कंपाउंडरला वाचायला दिला. त्याने तो चावडीवर, सगळ्यांदेखत वाचला : एड्स. तेव्हापासून मायला बोअरिंगवर कुणी घागर लावू देत नाही. ती नाल्यावर जाते.
कंपाउंडरला मी सोडणार नाही.

९ नोव्हें.
गावच्या तरुण मंडळाची पोरे घेऊन त्याच्या ओट्यासमोर बसलो. माणसे चौदा, सुई एक. मध्ये नुसता स्पिरिटचा बोळा. धरणाने गाव उठवले तेव्हापासून या पुनर्वसनाच्या प्लॉटांवर दुसरा दवाखाना नाही, आणि गोळी कुणाला नको, सुईच पाहिजे. उन्हाळ्यात तापात मायही त्याच्याकडेच गेली होती.
मंडळातला सुरेश म्हणाला, "तुले रोग बंद करायचा हाय का त्याचं दुकान?"
मनात म्हणालो : दुकान.

१४ नोव्हें.
तुमसरहून सुया आणल्या. घरटी एक, शिशीत. प्लॉट नं. व नाव मी लिहिले, दोनदा तपासले.
शेजारची बनाबाई : "तुह्या घरची सुई नोको मले, बापा."
"उकळली आहे, मावशी."
"मंग मह्या डोळ्यापुढं उकळ."
उकळली. कंपाउंडर ओट्यावरून, "पोरं दाक्तर झाले! उद्या बाळंतपणंही करतीन!" सगळे हसले.
हेही लिहून ठेवले.

२३ नोव्हें.
कंपाउंडर गोठ्यामागे आला. हात जोडून.
"उन्हाळ्यात तुह्या भावाले सुई लावली, तेव्हा तेच मह्या बोटात घुसली. मले रक्त तपासाले नागपूरले घेऊन चाल. कोनाले सांगू नोको."
खूप आनंद झाला. लाज वाटायला हवी होती.
मग विचारले, त्यानंतर तीच सुई कुणाकुणाला?
"रांग होती ना बाबू त्या दिवशी."
आनंद गेला. आता हे चावडीवर सांगितले तर ती सगळी रांग नाल्यावर जाईल.

११ डिसें.
नागपूरला त्याचे रक्त देऊन आलो होतो. आज पाकीट मीच आणले, त्याची हिंमत नव्हती. फोडले नाही. अट घातली : उद्या बोअरिंगवर सगळ्या बायांसमोर मायची घागर त्याने भरायची, त्यातलेच पाणी प्यायचे. आणि त्या दिवशीच्या रांगेची नावे द्यायची.

१२ डिसें. सकाळी ७-१५
भरली. प्यायला. बाया बघत राहिल्या. बनाबाईने आपली घागर मायच्या मागे लावली.
मग बाजूला येऊन नावे सांगू लागला. मी लिहीत गेलो. पाच झाली. सहावे सांगेना. घागर घेऊन निघालेल्या मायकडे पाहत राहिला.
"कागद दे आता," म्हणाला.
अजून माझ्या खिशात आहे.