माटोळीच्या लाकडाची गुराब

अहो,

‘प्रिय’ वगैरे लिहायचं मनात होतं, पण लाज वाटते. जन्मात कधी तसं म्हटलं नाही, आता कागदावर कुठून म्हणू? आपलं नेहमीचं ‘अहो’च बरं. त्याला तुम्ही ओ तरी द्यायचात. निदान दुसऱ्या हाकेला.

आत्ताच लिहायला बसले, कारण संध्याकाळी गणपती पोचवायचे आहेत. इब्रामपूरच्या मूळ घरात सगळे जेवून आडवे झालेत. मी मधल्या खोलीत जनेलापाशी उजेडाला बसलेय. मेजावर हा कागद आणि समोर तुमची गुराब, तुमचं ते लाकडी लढाऊ जहाज, तिन्ही डोलकाठ्या ताठ उभ्या करून. संध्याकाळी हिचं काय करायचं ते मला ठरवायचं आहे. घोळ करून ठेवायचा तुम्ही आणि निस्तरायचा मी! तशी ही आपली जुनीच रीत म्हणा.

गेल्या चवथीला गणपती पोचवून झाल्यावर मी डिचोलीला आपल्या घरी पुढे आले आणि तुम्ही ‘गणपतीवरची माटोळी माळ्यावर चढवून येतो’ म्हणून मागे राहिलात, आठवतं? आलात ते एक जुनं काळं लाकूड काखेत मारून. कुठलं हे, विचारलं तर म्हणालात, पठाण मिळालं. पठाण म्हणजे जहाजाचा तळातला कणा, हे मला मागाहून कळलं. दुसऱ्या दिवसापासून आपलं जेवायचं मेज गेलं ते गेलंच. आपण पाट मांडून जेवू लागलो आणि मेजावर मराठ्यांचं आरमार उभं राहू लागलं. तेरेखोलच्या खाडीत एके काळी कशी गुराबा शिरायच्या, पुढच्या टोकाची नाळ कशी धारदार असायची, तोफा कुठून डागायच्या, सगळं मला भाजी चिरताना ऐकावं लागे. मी म्हणायचे, डागा तोफा, पण आधी नारळ खवून द्या.

तऱ्हा तरी किती तुमच्या! आयटीआयत उभा जन्म मुलांना खिळे आणि स्क्रू शिकवलेत, आणि हिच्यात एक खिळा नाही. फळ्या सुंभाने शिवल्यात. रंग नको, नुसतं तेल आणि राळ. शिडांना माझं जुनं सुती लुगडं फाडलंत, तेही न विचारता. ऊर्मीने पुण्याहून हौसेने पितळेच्या इवल्या इवल्या तोफा आणल्या, तर लेकीचं मन मोडून त्या खणात टाकल्यात आणि माडाच्या लाकडाच्या कोरत बसलात. का हो? जुन्या पद्धतीने करायचंय, एवढंच उत्तर.

एकदा मी चिडून विचारलं, एवढं धूड ठेवणार कुठे? तुम्ही डोकं वर न करता म्हणालात, “तू चिंता करू नको गे. ही घरात राहायची नाही.”

मला वाटलं, कुठल्या शाळेला देणार असाल.

शिगम्याच्या आधी तुम्ही गेलात. पोदेराचा भोंपू वाजला म्हणून मी पाव घ्यायला बाहेर गेले, परत येते तर तुम्ही मेजावर डोकं टेकून. हातात केवणीच्या सालीचा दोर, अर्धा वळलेला. मी तुम्हाला दोन हाका मारल्या. दुसरीलाही ओ नाही.

गुराबीचे तेवढे दोर राहिले होते. मी तिच्यावर चादर टाकली आणि मेजाकडे बघायचं सोडून दिलं. बघायला मन धजत नव्हतं.

मग या चवथीच्या तोंडावर दादांचा फोन आला. तुमचा भाऊ फोन करतो तेव्हा आधी घसा खाकरतो, या वेळी तोही खाकरला नाही. माटोळी धुवायला माळ्यावरून काढली होती. तुम्हाला मी माटोळी काय सांगायची! आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेली ती पट्ट्यांची चौकट. गणपतीच्या डोक्यावर टांगून तिला तोरिंजन, आंबाडे, सुपारीचे घोस बांधता बांधता तुम्ही दोघे भाऊ लहानाचे मोठे झालात.

“शैले,” दादा म्हणाले, “मधली पट्टी आजोबांची न्हय. काळो रंग लावून नवी बसयल्या कोणी.”

‘कोणी’ म्हणजे कोण, ते सांगायला नको होतं. तुमच्या बाराव्याला आले होते तेव्हा वहिनींनी चादर उचलून गुराब पाहिली होती आणि तळाच्या लाकडावरच्या खाचा त्यांच्या लक्षात राहिल्या होत्या. देवाच्या लाकडाचं खेळणं केलं, आणि तेही चोरून, असं दादा बोलले. माटोळी टांगायच्या आधी जुनी पट्टी जागेवर हवी, गुराब घेऊन ये.

माझं डोकं सणकलं. गेलेल्या माणसाला चोर म्हणतात? पण ओठांवर आलेलं गिळलं, आणि फोन ठेवून गुराब हळूच कुशीवर घेतली. तळाला हात फिरवला. खाचा होत्या. दोर बांधून बांधून, वर्षानुवर्षं घासून पडलेल्या, एका ओळीत. आता कुणाशी भांडू? तुमच्यावर एवढी चिडले की चादर परत घालायचं राहिलं.

आणि पठाण काढायचं म्हणजे काय? फासळ्या त्यात, नाळ त्यात, डोलकाठ्यांचे पाय त्यात. माशाचा काटा ओढून काढला की उरतं काय ताटात?

शेजारच्या टेम्पोतून निघाले. गुराब मांडीवर आडवी, पायांशी तुमची हत्यारांची पेटी. पेटी मुद्दाम घेतली. दादा करवत लावणार हे मला माहीत होतं. तुमच्या पटाशीने सोडवली तर निदान सांधे शाबूत राहतील, एवढाच विचार. प्रत्येक खड्ड्याला मी तिला पोटाशी धरत होते. आत काहीतरी खडखडत होतं. वाटलं, एखादी फळी सुटली. सुटू दे, म्हटलं, नाहीतरी मोडायलाच नेतेय.

सोप्यावर दादा गोणपाट पसरून बसले होते. बाजूला करवत. वहिनींनी पाणी आणून ठेवलं, ते कुणी प्यायलं नाही. दादांनी गुराब उपडी केली. करवत उचलली तशी मी पुढे झाले आणि पेटी उघडली. दादा, करवत नको, म्हटलं, यांच्या पटाशीने बघू.

पटाशी काढली. रंधा काढला. त्याखाली पंच्याची पुरचुंडी होती, गाठ मारलेली. पेटीत पंचा कशाला म्हणून सोडली, तर आत लाकडाची दोन टोकं. अक्षता, एक सुपारी आणि वाळलेल्या दुर्वा. मी एक टोक उचललं तर त्यातून वाळवीची माती भुरभुर गळायला लागली. आत काही उरलंच नव्हतं, नुसती साल.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या की हे पाण्यात सोडायचं म्हणून बांधलेलं आहे, आपण असंच बांधतो.

दादांनी ते टोक माझ्या हातून घेतलं. गुराबीच्या पठाणाला लावून पाहिलं. लाकडाच्या रेषा जुळल्या. त्या टोकावर एक खोल खाच होती. दादांनी तिच्यात अंगठा घातला.

“ही माझी,” ते म्हणाले. “चिबूड मी बांधायचो हय. ह्या मोडला असता तर गणपतीच्या माथ्यार पडला असता, शैले.”

मग करवत गोणपाटात गुंडाळून आत नेऊन ठेवली.

आता मला सांगा, हे तोंडाने बोलायला काय झालं होतं? गेल्या चवथीला तुम्ही दादांना म्हणाला होतात की मधली पट्टी पोकळ वाजते. मी ऐकलंय. दादा उसळले होते, आजोबांच्या माटोळीला हात लावायचा नाही म्हणून. संपलं. तुम्ही वाद घातला नाहीत. गुपचूप नवी पट्टी बसवलीत, वाळवी खाल्लेली टोकं बांधून ठेवलीत आणि मधलं चांगलं लाकूड घेऊन घरी आलात. दोघे भाऊ एका माळेचे मणी. एक बोलून हट्टी, दुसरा न बोलून! आणि चोर ठरायची वेळ आली तेव्हा उत्तर द्यायला कोण, तर मी.

असो. माटोळी टांगली. तुमची पट्टी मधोमध, नारळांची पेंड, तो जड घोस, तिच्यावरच बांधली दादांनी, मुद्दाम. ती जराही वाकली नाही. गुराब गणपतीच्या डाव्या अंगाला ठेवली. घुमट वाजवायला आलेली माणसं आरती संपली तरी हलत नव्हती, वाकून वाकून तोफा बघत होती. दादा प्रत्येकाला सांगत होते, माझ्या भावाने केलीय, एक खिळा नाही. तो सांगायचा रुबाब तुम्ही बघायला हवा होता. माटोळीसाठी आणलेली केवणीची साल उरली होती, ती दादांनी स्वतः भिजवली. ते एक टोक धरायचे, मी वळायचे. अबोलीचे वळेसर करून करून बोटांना सवय होतीच, हातानं आपोआप गाठी घेतल्या. ऊर्मीने टेप लावून काचेच्या पेटीचं मापसुद्धा काढलं. मी म्हटलं, चला, एक तरी गोष्ट सुरळीत झाली.

काल शेवटचा दोर बांधताना गुराब जरा कलली आणि आतून पुन्हा तोच खडखडाट. दादांना म्हटलं, फळी सुटलीय का बघा. दादा नदीवर होडी चालवलेला माणूस. त्यांनी डेकवरचं बारीक झाकण उचललं, आत बोट घातलं आणि म्हणाले की फळी नाही, न्हंयेचे गोटे आहेत. होडी पाण्यात कलंडू नये म्हणून तळाशी घालतात ते.

त्यांनी झाकण परत लावलं.

मेजावर ठेवायच्या जहाजाला गोटे कशाला हवेत हो?

मग एकेक आठवत गेलं. खिळा नाही, रंग नाही, पितळ नाही. लाकूड, सुंभ, सूत, साल. पाण्यात सोडायला चालेल असं सगळं. सासूबाई सांगायच्या, माटोळीचं लाकूड चुलीत घालायचं नाही, दुसऱ्या कामाला लावायचं नाही, न्हंयेत सोडायचं. आजोबांच्या हातचं लाकूड, तुम्हाला ते असंच टाकून देववेना, होय ना? म्हणून त्याचं जहाज करून धाडणार होता. ‘ही घरात राहायची नाही.’

मी हे बोलले आणि दादांचा चेहरा उतरला.

“बुडवू नको गे,” ते म्हणाले. “माझ्या भावाचा माझ्याकडे तेवढाच उरलाहा.”

करवत घेऊन बसलेला माणूस हा! मला रागही आला आणि रडूही. त्यांच्याकडे तेवढंच उरलं, मग माझ्याकडे काय ढीग लागलाय? तुमचा चष्मा आणि एकदाही न घातलेला नवा सदरा. ऊर्मी म्हणाली, आई, बाबांनी असं कधी स्पष्ट सांगितलं होतं का? खऱ्या जहाजात गोटे असतात म्हणून त्यांनी घातले असतील. तू अंदाजावर त्यांची शेवटची वस्तू पाण्यात घालणार?

पोरीचं खोटं आहे का? तुम्ही सांगितलं नाहीत, हेच तर खरं. माझा अंदाज चुकला तर? गेलेली वस्तू नदी परत देते थोडीच! सकाळपासून दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. दादा माझ्याकडे बघत नाहीत. तुमचा आवाज एकदा ऐकू आला असता, नुसतं ‘सोड’ किंवा ‘ठेव’, तर काय बिघडलं असतं?

तेव्हा आता मीच तोडगा काढलाय, आणि तो तुम्हाला मान्य करावा लागेल.

संध्याकाळी मी गुराब घेऊन न्हंयेत उतरणार आहे, कमरेइतक्या पाण्यात. वाळवीची ती टोकं आत ठेवलीयत, सुपारीसकट. तुम्ही अर्धा टाकलेला दोर मी पुरा वळून नाळेला बांधलाय. त्याचं टोक माझ्या हातात राहील, दादांच्याही नाही. तिला पाण्यावर ठेवीन. कलंडली, तर समजेन की तुम्ही ती पाण्यासाठी केली नव्हती. ओढून घेईन, पदराने पुसून डिचोलीला नेईन आणि पुन्हा कुणी तिचं नावही काढायचं नाही.

आणि सरळ उभी राहिली, तर वचन देते, दोर सोडीन. हात आखडणार नाही.

तुमचं काम मला माहीत आहे. तुम्ही केलेला पाटसुद्धा कधी डुगडुगला नाही. तरी मघापासून मी देवाला काय मागतेय, सांगू? कलंडू दे, म्हणतेय. एवढ्या एका वेळी यांचं माप चुकू दे.

बाहेर घुमट वाजायला लागलंय. दादा दारात येऊन उभे आहेत. उठते.

तुमचीच,
शैला